दामले तपासतात

मला मुलगी झाली हे मी दामल्यांना सांगितलं, तेव्हा ते कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "बरं. पुढे?"

पुढे काय असणार? मुलगी झाली होती, आई आणि बाळ सुखरूप होती. पण दामल्यांच्या त्या "पुढे?"समोर माणसाला आपली बातमीच अपुरी वाटायला लागते. मी चाचरत म्हणालो, "पुढे... तीन दिवस रजा हवी होती." "घ्या. गुरुवारचा रिपोर्ट बुधवारी द्या," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

ही २००२ सालची गोष्ट. चँडलरला, म्हणजे ॲरिझोनाच्या भट्टीत, आमची टीम कॉम्प्युटरच्या चिप्स तपासायची. कारखान्यातून निघालेली चिप गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आमच्या हातून जायची आणि आमचं काम दामल्यांच्या हातून. चिप्स सुटायच्या, आम्ही सुटत नसू. दामले मूळचे सांगलीचे, पंचावन्नच्या आसपासचे. अमेरिकेत वीसेक वर्षं झालेली, राहायचे एकटे. घरी कोण आहे, कोण होतं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. जिथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, तिथे त्यांना गोरी माणसंही "मिस्टर डामली" म्हणायची.

आलेली ईमेल ते छापून घ्यायचे, हिरव्या पेनाने तिच्यातल्या चुका काढायचे आणि कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. एकदा मी सर्वांत मोठ्या साहेबांची ईमेल त्यांना पुढे पाठवली, तर तीही तपासून आली. मोठ्या साहेबांना दहापैकी चार मिळाले होते. कौतुकाचा त्यांच्याकडे एकच शब्द होता, "चालेल". तो मला दोन वर्षांत तीनदा मिळाला.

माणूस हुशार, यात वाद नाही. एकदा आमचं एक मशीन मधूनच चुकीचे आकडे द्यायला लागलं. आम्ही चौघं तीन दिवस डोकं फोडत होतो. दामले आले, उभ्या उभ्या आलेख बघितला आणि म्हणाले, "दुपारी दोननंतरच बिघडतंय ना?" आम्ही पाहिलं, तर खरंच दोननंतरच. "दोनला त्या खिडकीतून मशीनवर ऊन येतं. पडदा लावा." आणि गेले. बिघडलेलं सापडलं याचा आनंद करायलाही थांबले नाहीत.

शेजारच्या टीमचा बॉस गॅरी. गॅरी म्हणजे लोण्याचा गोळा. सगळ्यांच्या पोराबाळांची नावं त्याला पाठ. दिवाळीला आठवणीने बिनअंड्याचा केक आणणार. त्याच्या टीममध्ये नागपूरची वैशाली देशमुख होती. जेवणाच्या सुट्टीत आमचा रोजचा वाद ठरलेला, की बॉस मायाळू असावा की कामात पक्का?

"यार, माझ्या आईचं ऑपरेशन झालं, तर गॅरीनं नागपूरला कार्ड पाठवलं," वैशाली म्हणायची. "तुझ्या दामल्यांना तुझ्या मुलीचं नाव तरी माहीत आहे का?"

"नसेल. पण तुमचं ते सर्किट बोर्ड चार महिने चालत नाहीये, हे गॅरीला माहीत आहे का?"

यावर ती हसायची आणि स्वतःच्या वडाभातातला एक वडा माझ्या डब्यात टाकून वाद मिटवायची. मला मात्र खरंच कुतूहल होतं. दोन्ही एका माणसात का सापडत नाहीत?

त्या वर्षी ले-ऑफची, म्हणजे नोकरकपातीची, कुजबुज सुरू झाली आणि तेवढ्यात वार्षिक फॉर्म आला. त्यात आपणच आपलं मूल्यमापन करायचं होतं. वर्षभरात काय केलंत, हा एक रकाना. कुठे कमी पडलात, हा दुसरा. आता आपल्याला लहानपणापासून वळण असं, की "मी केलं" म्हणायचं नाही आणि चूक विचारली की खरी सांगायची. मी पहिल्या रकान्यात लिहिलं, "टीमच्या सहकार्याने थोडंफार काम केलं." दुसऱ्या रकान्यात जागा पुरेना, म्हणून वेगळा कागद जोडला. वैशालीचे जोडलेले कागद दोन होते. गॅरीने ते वाचले, "किती प्रामाणिक आहेस गं!" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हणून तिला मिठी मारली आणि फॉर्म होता तसा वर पाठवून दिला. तिने हे मला अभिमानाने सांगितलं.

मला दामल्यांनी शनिवारी सकाळी ऑफिसात बोलावलं. माझा फॉर्म समोर ठेवून म्हणाले, "कुलकर्णी, हा राजीनामा आहे का?"

"नाही सर. फॉर्म आहे."

"हा मी वाचून ठेवून देणार नाहीये. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही, ते वाचणार आहेत. मार्चमधला बिघाड कोणी पकडला?"

"आपण सगळ्यांनी."

"सगळ्यांनी नाही. मी तिथे होतो. कोणी पकडला?"

"...मी."

"मग लिहा, मी."

"सर, ते बरं दिसत नाही."

"बरं दिसायला ती काय लग्नपत्रिका आहे?"

चार तास हे चाललं. मी वर्षभरात काय काय केलं होतं, ते मी विसरलो होतो. दामले विसरले नव्हते. महिना, मशीन, बिघाड, सगळं तोंडपाठ. यांना फक्त चुका दिसतात असं मी समजत होतो, आणि इथे माझी एकेक बरी गोष्ट हा माणूस डोक्यात ठेवून बसला होता. मला भरून आलं. मधे एकदाही पाणी मात्र विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी याद्या लागल्या. मी राहिलो. वैशाली गेली. गॅरी तिच्यापेक्षा जास्त रडला. तिचं सामानाचं खोकं त्याने स्वतः उचलून गाडीत ठेवलं, तिच्या मुलाला चॉकलेटं दिली. त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्यावर धड रागावताही येईना. पण नोकरी गेली की व्हिसा गेला. तिचा नवरा नितीन तिच्याच व्हिसावर आलेला, त्याला इथे कामाची परवानगी नाही. दुसरी नोकरी लगेच मिळाली नाही, तर संसार गुंडाळून नागपूर.

मी दामल्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पत्ता द्या."

शनिवारी वैशालीचा दबक्या आवाजात फोन. "अरे, तुझे दामले घरी येऊन बसले ना! हातात हिरवं पेन. माझा बायोडेटा तपासून राहिले. मुलाखतीची तयारी घेतात. मी 'आम्ही केलं' म्हटलं की टेबलावर पेन आपटतात."

असे ते लागोपाठ तीन शनिवार गेले. तिचा सहा वर्षांचा ईशान त्यांच्याभोवती घुटमळायचा. "आर यू माय आई'ज टीचर?" त्याने विचारलं. "नो. आय चेक," दामले म्हणाले. मग ईशानने स्वतःचं चित्र तपासायला दिलं. घराच्या दाराला कडी नाही, हे दामल्यांनी दाखवून दिलं. त्याने कडी काढून आणली, तेव्हा त्यालाही "चालेल" मिळालं. मला दोन वर्षांत तीन, आणि त्याला पहिल्याच दिवशी.

वैशालीला दूर वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडला नोकरी लागली आणि देशमुख मंडळी आठवड्याभरात तिकडे गेली.

त्यानंतर महिन्याभराने दामल्यांनी मला खोलीत बोलावलं.

"रेडमंडला पाऊस फार असतो म्हणतात."

"हो सर."

"त्या मुलाकडे जॅकेट आहे का?"

"असेल की."

"असेल नको. विचारा."

"सर, तुम्हीच विचारा ना. नंबर देतो."

"नंबर आहे." त्यांनी समोरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "कुलकर्णी, काम नसताना फोन केला, तर सुरुवात कशी करतात?"

आधी मला वाटलं, थट्टा करताहेत. पण पेन हातात होतं आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. त्या तीन शनिवारांआधीचे त्यांचे शनिवार कसे गेले असतील, आणि आता कसे जात असतील, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. फार वाईट वाटलं.

मी म्हणालो, "आधी, कशा आहात असं विचारायचं. मग घरच्यांची चौकशी. जॅकेटचं शेवटी."

त्यांनी ते तीन ओळींत नीट लिहून घेतलं, पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, "जाताना दार लावा."

मी दार लावलं, पण पाय निघेना. आतून फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. आणि मग मीटिंगमध्ये बोलतात तसा त्यांचा खणखणीत आवाज.

"वैशालीबाई, मी दामले बोलतोय. काम काही नाही."