चुना न पाहिलेला माणूस

सकाळी दगडूमामांना कुणी विचारलं, "झोप लागली का?" तर ते म्हणायचे, "झोपलेलो होतो बाबा, कसं सांगू?"

आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, हा त्यांचा हट्ट. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले. त्यांनी सहज मामांना विचारलं, "पोरगी स्वयंपाक बरा करते ना?" मामा म्हणाले, "म्या त्यांच्यात जेवलो न्हाई." पाहुणे गेले ते गेलेच.

आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडं. निजामाचं राज्य होतं तेव्हा. गावात एकी मोठी. कचेरीत कुणाचंही काम अडलं की दहा जण साक्षीला उभे. ज्याच्या शेताबद्दल साक्ष द्यायची, त्याचं शेत कुठं आहे हेही काहींना ठाऊक नसायचं. त्या एकीचा आम्हाला अभिमान होता.

मग पाटलांच्या मेहुण्यानं सरकारी खर्चानं विहीर बांधली. पैसे चुन्याचे घेतले, बांधकाम मातीत केलं. दुसऱ्याच पावसाळ्यात काठ ढासळला आणि पाणी शेंदणारी गणपतची बायको, सखू, दगडांखाली गेली.

चौकशीला तालुक्याहून साहेब आले, पाटलांकडं जेवले आणि पारावर बसून पंचनामा लिहिला: बांधकाम चुन्याचं, दोष पावसाचा. लिहिता येतं म्हणून पहिली सही माझी. मग बाकीच्यांचे अंगठे. गणपतनंही दिला, त्याला दोन लेकरं घेऊन याच गावात राहायचं होतं.

मामा म्हणाले, "चुना म्या पाह्यला न्हाई. माती पाह्यली."

साहेबांनी पाटलांकडं बघितलं. पाटील म्हणाले, "ते जरा येडं हाय, साहेब." सगळे हसले. मीही हसलो.

त्या दिवसापासून गावानं मामांशी बोलणं टाकलं. न्हावी त्यांची दाढी करीना. मामा मात्र रोज सकाळी नदीवरून घागर भरून आणायचे आणि गणपतच्या दारात ठेवायचे. गणपत चार माणसांदेखत ती ओतून द्यायचा.

एकदा नदीच्या वाटेवर कुणी नाही असं बघून मी त्यांना गाठलं. म्हटलं, "मामा, काहून पाणी वाहून राहिले तुमी? तो तर समदं ओतून देतो."

मामांनी घागर खांद्यावर घेतली.

"ओतू दे," ते म्हणाले. "त्याच्या लेकरायला अजून कुणी शिकवलं न्हाई. दारात गेलो की मला मामा म्हणून हाक मारतेत."