आप्पांच्या अंदाजातली जीप

भिकन आप्पा फोनवर 'कुठे आहेस?' असं विचारत नाहीत. ते सांगतात. "तू विसरवाडीना फाटावर चहा पी ऱ्हायना. पटकन पी, बस सुटी जाई." आणि बहुतेक वेळा माझ्या हातात खरोखरच चहाचा ग्लास असतो.

अक्कलकुव्याच्या प्रशिक्षण केंद्रात ते संगणक शिकवतात. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून वेगवेगळ्या गावांतली माणसं एकाच खोट्या रस्त्यावर गाड्या चालवू शकतात. त्या यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे ठरलेले नियम असतात. आप्पांची पोथी तीच. प्रत्येक यंत्राने थोड्या थोड्या वेळाने कळवायचं: मी इथे आहे, या वेगाने, या दिशेने. मध्येच निरोप चुकला, तर समोरच्याने अंदाजाने गाडी पुढे नेत राहायची. आप्पा माणसांनाही हेच लावतात. बाजारातून जाताना दिसेल त्याला स्वतःचा वेग नि दिशा सांगत जातात. लोक हसतात. "हसा," आप्पा म्हणतात, "पन खबर उनी नही म्हनीसन गाडी थांबनी अस समजू नका."

मला हा नियम मुळीच पटत नाही. मोलगीकडे मोबाइलचा टॉवर हवा म्हणून आम्ही पत्रकं वाटतोय. डोंगरातल्या माणसाने आजारीही अंदाजानेच पडायचं का? पण माझी पत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे गावात एकटे आप्पाच, म्हणून त्यांनी संगणकात बनवलेला मोलगीचा घाट टॉवर मंजूर करणाऱ्या साहेबांना दाखवायचं मी ठरवलं. मोलगीत ड्रायव्हर चष्मा लावून जीप हाकणार, इथे ती पडद्यावर दिसणार, नेटवर्क जाणार, जीप गोठणार, साहेब ओशाळणार. आखणी चोख होती.

नेटवर्क गेलं. आमच्याकडे तेवढं एकच काम ते इमानाने करतं. जीप मात्र गोठली नाही. आप्पांचा अंदाजाचा नियम मी आखणीत धरलाच नव्हता. वळणं घेत डौलात उतरत राहिली.

"नेटचा स्पीड तर चांगला आहे की," साहेब म्हणाले.

मी आप्पांवर तुटून पडलो. तुमचा अंदाज सरकारची लाज झाकतोय, असं साहेबांसमोरच सुनावलं. आप्पांनी एक कळ दाबून अंदाज बंद केला. जीप पडद्यावरून नाहीशी झाली.

साहेबांनी विचारलं, गाडी गेली कुठे?

"तिनी खबर कवयच तुटेल व्हती, साहेब. इतला वखत मीच चालवी ऱ्हायनू व्हतू." आप्पांची बायको मोलगीला नर्स होती, तापात गेली, एवढंच मला ठाऊक होतं. "मन्ही सुनंदाले असच जीपमां टाकीसन आनी ऱ्हायना व्हतात. फोन लागे ना. मी खाले बसीसन हिशोब करू, आते हाई वळण, आते तो पूल. दवाखानामां खाट भी आथरी ठेवी. जीप ते वरच बंद पडेल व्हती. मी तिले पार अक्कलकुवालगून आनेल व्हती."

साहेबांनी टॉवरचा विषय स्वतःहून काढला, जागा कुठली म्हणून विचारू लागले. उत्तरं मी देत होतो. आप्पा पडद्यावरच्या रिकाम्या घाटाकडे बघत होते.