केळीच्या खुंटाचा कागद

मंगळवारी सकाळी सुमतीकाकू गेल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान, माधवकाका, स्मशानातून आले, आंघोळ केली आणि गॅलरीत केळीचा खुंट कुटायला बसले.

"अगं, आज तरी!" खालच्या मजल्यावरच्या लेलेबाई मला म्हणाल्या. भिंतीला भिंत लागून राहिल्यामुळे मला काकांची सवय होती.

काका आंबिवलीकडच्या एका कागद कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला, लाकडाशिवाय कागद. "झाड वाढायला जन्म जातो. केळ वर्षात हातात येते. मग कुऱ्हाड कशाला?" हे ते वाण्यालाही ऐकवत. खडवलीहून भाताचा पेंढा आणत. शेवग्याची शेंग खाऊन झाली की चोथा बोटांनी ताणून पाहत. डोंबिवलीत ओळखीत कुठे सत्यनारायण असला की काका हजर. तीर्थ घेतलं की यजमानांना बाजूला घेऊन विचारत, "चौरंगाचे खुंट नंतर कुणी नेणार आहे का?"

माणसंही ते तशीच जोखत. जावयाबद्दल एकदा म्हणाले, "मुलगा बरा आहे. पण तंतू आखूड. ताणला की तुटतो."

"अहो, जावई आहे तो!" काकू आतून ओरडल्या.

"मग काय, तपासणीचा निकाल लपवू?"

खुंटाचे तुकडे धुण्याच्या सोड्यात शिजवायचे, धोपाटण्याने कुटायचे, लगदा पाण्यात सोडून चाळणीवर उचलायचा आणि खिडकीच्या काचेवर वाळवायचा. कागद मऊ, सायीच्या रंगाचा निघे.

त्यांच्या नातीचं, ईशाचं लग्न ठरलं होतं. देवापुढे ठेवायची पहिली पत्रिका घरच्या कागदावर हवी, हा काकूंचा हट्ट. पण काकू गेल्यापासून कागद बिघडू लागला. पापडासारखा कडक, काचेसारखा आरपार. कुंकवाचं ओलं बोट टेकवलं तर कुंकू ओघळून जाई.

"फार कुटला की असा होतो," काका म्हणाले. "मला कळतं गं. कुठे थांबायचं, तेच चुकतंय."

"आजोबा, छापलेली ठेवू ना देवापुढे. चालेल," ईशा म्हणाली.

"तुझ्या आजीला नाही चालायचं."

मग एका दुपारी मी वाचत बसले होते. धोपाटण्याचा आवाज भिंतीतून येत होता. ऊन उतरलं तरी थांबेना. तेव्हा लक्षात आलं, काकू असताना तो या सुमाराला थांबायचा. काकूंना लगद्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना चहा निवलेला चालत नसे, इतकंच. "पुरे आता, चहा निवतोय!" अशी आतून हाक आली की काका कुरकुरत उठत. इतकी वर्षं काकांचा लगदा त्या हाकेवर थांबत आला होता, आणि ते खुद्द काकांनाही ठाऊक नव्हतं.

मी चहा केला, कप घेऊन त्यांच्या गॅलरीच्या दारात गेले.

"काका, पुरे आता. चहा निवतोय."

धोपाटणं वरच राहिलं. काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

"दोन हात अजून," ते म्हणाले.

"निवेल, काका."

त्यांनी धोपाटणं खाली ठेवलं. कप हातात घेतला, पण बराच वेळ ओठाला लावला नाही.

त्या लगद्याच्या कागदावर कुंकू बसलं. पत्रिका देवापुढे ठेवली गेली, ईशाचं लग्न झालं.

आता दुपारचा चहा मी दोघांचा करते.