खांबेटेकाका, एक ते दहा

"एक ते दहा?"

सकाळी सव्वानऊला खांबेटेकाका टेबलाशी येऊन उभे राहिले की आधी हे विचारत. गुड मॉर्निंग नाही, जर्मन मोर्गन नाही. आपण आकडा सांगायचा. एक म्हणजे सगळं संपलं, दहा म्हणजे झकास, आणि मधलं आज जे काही वाटत असेल ते. त्यांच्या हातात छोटी वही, कानावर पेन्सिल. आकडा टिपला की "गेनाऊ", म्हणजे बरोबर, असं म्हणून ते पुढच्या टेबलाकडे जात.

मी रोज "सात" सांगायचे. आमच्या मजल्यावर सगळेच सात सांगायचे. तसं कुणी ठरवलं नव्हतं, अनुभवानं कळलं होतं. सहा सांगितलं तर काका खुर्ची ओढून बसत. आठ सांगितलं तर त्यांना संशय येई आणि तेव्हाही ते खुर्ची ओढून बसत. सातावर उभ्याउभ्या सुटका होती.

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमजवळची आमची कंपनी गाड्यांच्या सीट्स बनवते. काकांनी तिथे बावीस वर्षं सीट्सची टेस्टिंग केली. एक यांत्रिक बूड असतं. ते सीटवर हजारो वेळा बसतं आणि उठतं. काका शेजारी उभे राहून सीटचं काय होतंय ते लिहून घेत. मग कंपनीची पुनर्रचना सुरू झाली आणि टेस्टिंग दुसऱ्या देशात गेलं, बुडासकट. काका मागे राहिले. त्यांना दोन दिवस एका हॉटेलात प्रशिक्षणाला पाठवलं आणि बदलाच्या काळात कर्मचाऱ्यांना आधार देणारा माणूस करून परत आणलं. त्या पदाचं जर्मन नाव इतकं लांब होतं, की दारावरच्या पाटीवर त्याचं शेपूट दुसऱ्या ओळीत गेलं.

"काम तेच आहे गं," ते मला म्हणाले. "वरून वजन पडतंय. खालच्याला किती सोसतंय ते बघायचं."

मजल्यावर मराठी आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "कॉन्व्हेंट का?" मी मान हलवली. "वाटलंच. तुझं मराठी युनिफॉर्मसारखं आहे. इस्त्रीचं आहे, पण घरचं नाही. काका म्हण." मला त्यांना काका म्हणायला चार महिने लागले.

महिन्याच्या शेवटी ते सगळ्यांच्या सातांचा आलेख काढून वर पाठवत. आमच्या विभागप्रमुख फ्राऊ फोगेल यांनी तो एकदा मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी, सरळ रेघ. लोकांनी बदल मनापासून स्वीकारला आहे, असं त्या म्हणाल्या. काका मागच्या रांगेत माझ्या शेजारी होते. हळूच म्हणाले, "टेस्टमध्ये रेघ अशी सरळ आली ना, की आम्ही आधी सेन्सरची वायर बघायचो. बहुतेक वेळा तुटलेली असायची."

मी हसले नाही. मला वाटलं, यांना माझी वायर दिसली.

कारण तेव्हा कमी करायच्या लोकांची यादी होणार होती. इथे ती मनाला येईल तशी करता येत नाही. वयाला गुण, नोकरीतल्या वर्षांना गुण, बायको-मुलांना गुण. ज्याचे गुण कमी, तो आधी जाणार. मी सत्तावीस वर्षांची, एकटी, नोकरीला दोन वर्षं झालेली. शाळेत मला कधी इतके कमी गुण पडले नव्हते. आणि नोकरी गेली तर व्हिसाही फार दिवस टिकणार नव्हता. मी हे घरी सांगितलं नव्हतं. आईला फोनवर मी सातच सांगत होते.

आता डब्याचं सांगते. जर्मनीत ज्याचा वाढदिवस, त्यानंच ऑफिसात केक आणायचा. नोकरी सोडून जाणाऱ्यानंही स्वतःच आणायचा. वाढदिवसाचं काकांना चाललं, निरोपाचं अजिबात नाही. "जाणाऱ्याच्या हातावर काही ठेवायचं सोडून त्याच्याच घरचं खायचं? निघालेल्याला शिदोरी द्यायची असते." म्हणून पहिल्या तुकडीतली चार माणसं गेली, तेव्हा काकांनी प्रत्येकाला एक स्टीलचा डबा दिला. त्यात पोह्यांचा चिवडा आणि वर एक बेसनाचा लाडू.

चिवडा ते रविवारी स्वतः करत. काकू तीन वर्षांपासून चिंचवडला, स्वतःच्या आईच्या आजारपणात. मुलगी ड्रेस्डेनला, कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर. काका तिच्याशी फोनवर मराठीत बोलत आणि ती जर्मनमध्ये उत्तर देई. "चिवडा एका माणसापुरता करताच येत नाही," काका म्हणायचे. "कढईला लाज वाटते."

चार डबे गेले, चार माणसं गेली. मजल्यानं त्यातून काय तो अर्थ काढला. मग उवे नावाच्या आमच्या तंत्रज्ञाचा पन्नासावा वाढदिवस आला आणि काकांनी प्रेमानं त्याच्या टेबलावर डबा ठेवला. उवे पांढराफटक पडला. झाकणही न उघडता तो डबा घेऊन थेट कामगार प्रतिनिधींकडे गेला. तासाभरात बैठक बसली. दुपारी सगळ्यांना मेल आली, की कर्मचाऱ्यांच्या टेबलांवर पूर्वकल्पनेशिवाय धातूचे डबे ठेवू नयेत.

काकांनी मेल दोनदा वाचली. "लाडू तरी खाल्ला का त्यानं?" एवढंच विचारलं.

मग यादीचे दिवस आले. काका यादीच्या बैठकांना बसत, पण बाहेर एक अक्षर बोलायची परवानगी नव्हती. ज्या माणसाला लिफ्टमध्ये तीन मजले गप्प राहणं जमत नाही, तो दोन आठवडे माझ्या टेबलापाशी आलाच नाही. बाकी सगळ्यांना एक ते दहा विचारायचा आणि माझ्याजवळ आला की झेरॉक्स मशीनकडे वळायचा. मी काय समजायचं ते समजले. भाड्याच्या खोलीची नोटीस कधी द्यावी लागेल, ते बघून ठेवलं.

गुरुवारी सकाळी आले तर टेबलावर स्टीलचा डबा.

मी कोट न काढता बसले. आजूबाजूला बघायचा धीर झाला नाही. काका आले. हातात वही नव्हती.

"उघड की."

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"माझं जाणं."

"तुझं नाही गं, माझं. जाणाऱ्यानं आणायचं असतं ना इथे? म्हटलं, एकदा तरी यांच्या पद्धतीनं करू."

मी मान वर केली. प्रत्येक टेबलावर डबा होता. उवे चमच्यानं चिवडा खात होता आणि शेंगदाणे वेगळे काढून ठेवत होता.

"बदल संपला," काका म्हणाले. "यशस्वीपणे पूर्ण झाला, असं वरून पत्र आलंय. आता आधाराची गरज नाही. आल्झो, मग काय, आपणहून जाणाऱ्यांच्या कागदावर सही करून टाकली."

"पण तुमचे गुण सगळ्यात जास्त होते. तुम्हाला कुणी हात लावला नसता."

"त्या गुणांचं काय लोणचं घालू? कुणी आपणहून गेलं, की यादीतलं एक नाव वगळता येतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला नव्या टीममध्ये घेतल्याचं पत्र उद्या येईल. सांगायची परवानगी नाही, पण आता मला कोण काढणार?"

मी डब्याचं झाकण उघडलं. मग विचारलं, "घरी सांगितलंत?"

"सांगेन. काकूला आधी, मग ड्रेस्डेनला." ते खिशात वही चाचपत होते. ती तिथे नव्हती, बहुतेक जमा करावी लागली होती. कानावरची पेन्सिल तेवढी राहिली होती.

"काका," मी म्हटलं, "एक ते दहा?"

इतक्या दिवसांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग उवेच्या शेंगदाण्यांकडे.

"सात," ते म्हणाले.

मी शेजारची खुर्ची ओढली.