संशोधनाधीन गल्ली

पाणीपुरवठा विभागाच्या तळमजल्यावर तक्रारींच्या खिडकीत ताई अकरा वर्षं बसत होत्या आणि अकरा वर्षांत त्यांना बढती मिळाली नव्हती, यात विभागाचा काहीही दोष नव्हता. बढतीसाठी काम मोजावं लागतं, आणि ताईंचं काम मोजण्यासारखं नव्हतं. कोणी खिडकीशी येऊन नळ कोरडा असल्याचं सांगितलं की ताई वहीत लिहून घेत, "कुठली गल्ली?" एवढंच विचारत आणि फोन उचलून चावीवाल्याला सांगत. चावीवाला म्हणजे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडत-मिटत फिरणारा विभागाचा माणूस. तो जाई, काय ते बघे, आणि पुष्कळदा तक्रारदार घरी पोचायच्या आत पाणी पोचलेलं असे. अशी परस्पर मिटलेली तक्रार कुठल्याच तक्त्यात बसत नाही. जी वरिष्ठांच्या टेबलावरून गेलीच नाही, ती निकाली निघाली असं म्हणायचं तरी कशाच्या आधारावर?

त्या सुमारास विभागाच्या एका समितीने पुष्कळ दौरे करून असा अहवाल दिला की नागरिकांची तक्रार नळात नसून मनात असते. अहवाल वाचून मोठे साहेब, म्हणजे विभागाचे कार्यकारी अभियंता, हलके झाले. नळ दुरुस्त करायचा तर रस्ता खोदावा लागतो. मनाच्या दुरुस्तीला खोदकामाची परवानगी लागत नाही. लगेच 'तक्रार समायोजन अधिकारी' असं नवं पद निघालं. पात्रता एकच : उपयोजित मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. साहेबांनी ताईंना बोलावून सांगितलं, की खुर्ची तुमचीच आहे, फक्त तेवढी पदवी घेऊन या.

त्रेचाळीसाव्या वर्षी पुन्हा दप्तर उचलायचं म्हणजे घरात हसं होणारच. नवऱ्याने चेष्टा केली, पण संध्याकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला. खरा जोर दिला तो मावशीने. आई गेल्यावर ताई नवव्या वर्षापासून मावशीकडेच वाढल्या होत्या. मावशीने उभा जन्म रुग्णालयात परिचारिका म्हणून काढला होता आणि आता ती निवृत्त होऊन खालच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती. ती म्हणाली, शीक, लोकांचं दुःख समजायला शिकवणारी विद्या कधी वाया जात नाही.

वर्ग सुरू झाले आणि ताईंना अभ्यास मनापासून आवडला. आपण खिडकीत बसून जे करतो त्याला 'सक्रिय श्रवण' म्हणतात हे कळल्यावर त्या दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वरून चालत होत्या. प्रात्यक्षिकात मात्र त्यांची दांडी गुल झाली. वर्गातल्या एका मुलीने समुपदेशनाला आलेल्या दुःखी बाईची भूमिका घेतली आणि डोळ्यांना रुमाल लावून सांगितलं, की माझं घरात कोणी ऐकतच नाही. ताई सवयीने म्हणाल्या, "कुठली गल्ली?"

वर्ग हसला. मार्गदर्शक प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी दहापैकी तीन गुण दिले आणि समजावलं, की समुपदेशकाने समस्या सोडवायची नसते, समस्येपाशी बसायचं असतं. मग ती उठते कधी, असं ताईंनी विचारलं. ते पुढच्या सत्रात आहे, असं सर म्हणाले. पुढच्या सत्रात ते नव्हतं. पण तोवर ताईंनाही बसायची सवय लागली होती आणि गुण आठावर गेले होते.

चौथ्या सत्रात प्रबंध आला. ताईंनी विषय सुचवला : तातडीच्या दुरुस्तीचा नागरिकांच्या रागावर होणारा परिणाम. सरांनी कागद मागे सारला. नळ दुरुस्त झाला की राग जातो हे कोणालाही माहीत आहे, आणि जे कोणालाही माहीत आहे त्यावर पदवी कशी देणार? शेवटी विषय मंजूर झाला तो असा : 'अनुपलब्ध पाणीपुरवठ्याच्या परिस्थितीत नागरिकांच्या समायोजनावर समुपदेशनाचा परिणाम'. योगायोगाने वरच्या गल्लीतला व्हॉल्व्ह आठवडाभरापूर्वीच निकामी झाला होता. चावीवाल्याच्या मते काम दोन दिवसांचं होतं. सरांच्या मते संशोधन आठ आठवड्यांचं होतं, आणि मध्येच पाणी आलं तर सगळं मुसळ केरात. त्यांनी विभागाला तसं पत्र दिलं. साहेबांनी वरच्या गल्लीच्या फायलीवर 'संशोधनाधीन' असा शेरा मारला. शेरा त्यांना इतका आवडला की टेबलावरच्या आणखी तीन फायलींवरही त्यांनी तोच मारला.

विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीने यात कोणाला इजा तर होत नाही ना, असं काटेकोरपणे विचारलं. सरांनी उत्तर दिलं, की आपण पाणी बंद करत नाही, ते आधीच येत नाही. समितीचं समाधान झालं. तिने संमतिपत्रातल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि मंजुरी दिली.

राहिला नियंत्रण गट. शास्त्राचा नियम असा, की एका गटाला समुपदेशन द्यायचं तर तुलनेला दुसरा गट हवा, ज्याला समुपदेशन मिळणार नाही, पण जो बाकी सर्व बाबतींत पहिल्यासारखाच असेल. खालची गल्ली सर्व बाबतींत वरच्या गल्लीसारखी होती. तेवढीच घरं, तेच मजले, तसेच जिने. फरक एकच होता, तिथे रोज सकाळी पाणी येत होतं.

"मग तेवढा फरक काढून टाकायला हवा," सर म्हणाले.

ताईंनी चाचरत सांगितलं, की माझी मावशी राहते तिथे. सरांनी नियमावली उघडून पाहिली. नियंत्रण गटात नातेवाईक असायला हरकत नव्हती, कारण त्या गटाशी संशोधकाने बोलायचंच नसतं. ताईंनी होकार दिला नाही, आणि नकाराचा रकाना अर्जात नव्हता. सोमवारी सकाळी खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह मिटला. तिथल्या लोकांकडून 'अभ्यासात सहभागी होण्यास संमती आहे' अशा कागदावर सह्या घेतल्या गेल्या. पाणीपुरवठ्याचा माणूस दारात कागद घेऊन आला म्हणजे पाणीच येणार असेल, अशा हिशेबाने लोकांनी भराभर सह्या केल्या. मावशीने पहिली केली.

वरच्या गल्लीत समुपदेशन सुरू झालं. पहिल्या बैठकीला लोक रिकाम्या बादल्या घेऊन आले आणि तावातावाने बोलले. ताईंनी कोणालाही गल्ली विचारली नाही. त्यांनी विचारलं, की कोरडा नळ पाहिल्यावर आत काय काय होतं? तिसऱ्या आठवड्यात बादल्या घरी राहिल्या. एका म्हाताऱ्या शिंप्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की तीस वर्षांत मला कसं वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. नळाला पाणी होतं तेव्हा तर मुळीच नाही. सांगता सांगता त्याने गळ्यातल्या टेपने डोळे पुसले. ताईंनाही भरून आलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाचव्या आठवड्यापर्यंत वरच्या गल्लीतून एकही तक्रार येईनाशी झाली. साहेबांनी त्याचा आलेख मोठा करून ताईंच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला.

खालच्या गल्लीची रांग मात्र खिडकीपासून फाटकापर्यंत गेली होती. एक दिवस चावीवालाच खिडकीशी येऊन उभा राहिला.

"ताई, चावीचा पाव फेरा आहे फक्त," तो हळूच म्हणाला. "तुम्ही नुसतं गल्लीचं नाव घ्या. बाकी मी बघतो."

ताईंनी फोनकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या आलेखाकडे. आणि म्हणाल्या, "अजून तीन आठवडे आहेत हो."

इतक्या वर्षांत त्यांनी गल्लीचं नाव घेतलं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. चावीवाला चावी खांद्यावर टाकून निघून गेला.

सहाव्या आठवड्यात न राहवून ताई मावशीकडे गेल्या. बोलायचं नाही, असं ठरवून गेल्या. जिन्यावर प्रत्येक वळणावर पाणी सांडल्याच्या ओल्या खुणा होत्या. मावशी चौकातल्या टाकीवरून दिवसाला चार बादल्या आणत होती, सत्तरीतल्या गुडघ्यांनी. स्वयंपाकघरात पातेली, बरण्या, फुलदाणीसुद्धा, सगळं काठोकाठ भरून झाकून ठेवलेलं होतं. ताई खुर्चीत बसल्या आणि हातांकडे बघत राहिल्या.

"आल्यापासून काही विचारलं नाहीस," मावशी म्हणाली.

"विचारता येत नाही, मावशी. तुझ्याशी मायेने बोलले तर निष्कर्ष बिघडतो."

मावशीने हे नीट ऐकून घेतलं. रुग्णालयात चाळीस वर्षं तिने डॉक्टरांचं असलंच ऐकलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मला तर मनाई नाही ना? मग मीच विचारते. तू कशी आहेस, पोरी?"

ताई बराच वेळ रडल्या आणि मावशी समोर नुसती बसून राहिली. मग तिने साठवणीतल्या पाण्यातून तांब्याभर पाणी काढून ताईंना तोंड धुवायला दिलं. ताईंना ते हातावर घेववेना. तरी मावशीने घ्यायला लावलं.

सातव्या आठवड्यात बादलीसकट मावशी जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. ताईंनी तिला आपल्या घरी आणलं, अंथरुणावर निजवलं आणि तडक विद्यापीठ गाठून सरांना सांगितलं, की नियंत्रण गटातली एक बाई पडली. सरांनी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं.

"संशोधनात याला गळती म्हणतात," ते म्हणाले. "दहा टक्क्यांपर्यंत चालते."

ताईंनी तिथूनच चावीवाल्याला फोन लावला. म्हणाल्या, "खालची गल्ली."

चावीवाला पळतच गेला, आणि तासाभराने त्याचा फोन आला. व्हॉल्व्हच्या झाकणाला मोहोर होती. व्हॉल्व्ह आता विभागाचा राहिला नव्हता. विद्यापीठाच्या दप्तरी तो 'संशोधन साहित्य' म्हणून नोंदला गेला होता. ताई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, विद्यापीठाचा ना हरकत दाखला आणा. विद्यापीठ म्हणालं, तोंडी परीक्षा झाल्याखेरीज संशोधन संपत नाही, आणि बाहेरच्या परीक्षकांना पुढच्या महिन्यापर्यंत वेळ नाही.

तोंडी परीक्षेला ताई ठरवून गेल्या. परीक्षकांनी निष्कर्ष विचारला तेव्हा त्यांनी आलेख दाखवलाच नाही. सरळ सांगितलं, की माणसांना पाणी हवं असतं. त्यांची विचारपूस जरूर करावी, पण पाणी सोडून मग करावी. मला पदवी नाही दिली तरी चालेल, मोहोर तेवढी काढा.

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, की संशोधकाची विषयातली भावनिक गुंतवणूक कौतुकास्पद आहे, परंतु प्रस्तुत विधान अभ्यासाच्या व्याप्तीबाहेरचं असल्याने ते 'पुढील संशोधनासाठी शिफारसी' या प्रकरणात घालावं. ताईंना विशेष प्रावीण्य मिळालं.

पुढचं सगळं नियमानुसार झालं. वरच्या गल्लीचं समायोजन पूर्ण झाल्यामुळे तिथल्या व्हॉल्व्हची निकड उरली नव्हती. ते काम यादीतून वगळण्यात आलं. खालच्या गल्लीबाबत नीतिमत्ता समितीने कडक भूमिका घेतली. या लोकांना एका लाभापासून वंचित ठेवलं गेलं आहे, तो त्यांना मिळालाच पाहिजे, असा तिने निर्णय दिला. लाभ म्हणजे समुपदेशन. ते द्यायचं तर त्याचा परिणाम मोजायला हवा, परिणाम मोजायचा तर पाणी बंद हवं, आणि तुलनेसाठी तिसरी गल्ली हवी. तिसरीला न्याय द्यायला चौथी लागली.

ताई अधिकारी झाल्या. दारावर पाटी, आत दोन खुर्च्या. पहिल्याच दिवशी त्यांनी चारही गल्ल्यांचे व्हॉल्व्ह उघडण्याचा आदेश काढला. तो दुपारपर्यंत परत आला : तक्रार समायोजन अधिकाऱ्याचे अधिकार नागरिकाच्या मनापुरते मर्यादित असून नळ हा अभियांत्रिकी शाखेचा विषय आहे. पाचवी गल्ली ताईंचीच निघाली, जिथे मावशी अजूनही अधू मनगट सांभाळत राहत होती. ताईंनी यादीवर सही नाकारली. त्यावर साहेबांनी शेरा मारला, की सदर अधिकारी स्वतः नमुन्यातील रहिवासी असल्याने त्यांना मत व्यक्त करता येणार नाही. सहीशिवाय यादी पुढे गेली. नवऱ्याने जास्तीच्या दोन बादल्या आणल्या. मावशी डाव्या हाताने तक्रार लिहायला शिकली आणि रोज एक पाठवते. उत्तरादाखल तिला एक प्रश्नावली येते.

आता अभ्यास शहरभर गेला आहे. तुमचा नळ कोरडा असेल आणि कोणी दारात येऊन तुम्हाला कसं वाटतं हे विचारून गेलं असेल, तर तुम्ही प्रायोगिक गटात आहात. कोणीच आलं नसेल तर नियंत्रण गटात, आणि त्या गटाला कुठल्याही मार्गाने दिलासा मिळता कामा नये असा नियम आहे. परंतु ही हकिकत वाचताना तुम्ही मध्ये दोन-तीनदा हसलात. हसलात म्हणजे बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणजे समायोजन सुरू झालं. नळदुरुस्तीच्या यादीत तुमचं नाव त्या प्रमाणात खाली सरकवण्यात आलं आहे.