उद्या वर जाणार

आमच्या ग्रुपवर टाकलेला एकही निरोप उत्तरावाचून राहत नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण उत्तरं मीच देतो.

ग्रुप आहे आखडलेल्या खांद्यांचा. डॉक्टर याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. आजार मोठा चमत्कारिक. माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, पण शर्टाची बाही चढवताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पहिल्या आठवड्यात घरचे हळहळतात, दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना वाटू लागतं की हा कामं चुकवतोय. अशा लोकांना कुणीतरी विचारणारं हवं, म्हणून मी ग्रुप काढला. नाव ठेवलं 'हात वर'. प्रत्येकाने रोज भिंतीवरून बोटं जमतील तेवढी वर सरकवायची आणि ग्रुपवर कळवायचं. मी पाठ थोपटायची. तीही फोनवरूनच, कारण समोरासमोर थोपटायला माझाही हात पोचत नाही.

पोटापाण्यासाठी मी पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देतो. त्यामुळे उत्तर द्यायला तक्रार वाचावी लागतेच असं नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. 'आपल्या भावना पोचल्या' हे वाक्य जळालेल्या मोटारीला जेवढं लागू पडतं, तेवढंच तिचा झटका बसलेल्या ग्राहकाच्या सासऱ्यालाही.

ग्रुपमध्ये सगळ्यात कमी बोलणारे म्हणजे गवंडीदादा. उजवा खांदा धरल्यापासून मुकादमाने त्यांना खाली रेती चाळायला बसवलं होतं. त्यांचा रोजचा निरोप एका शब्दाचा असे: 'तेवढाच.' त्या संध्याकाळी मात्र तो चांगला लांबला.

'उद्या वर जाणार. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी खूप केलंत. आभारी आहे.'

मी दूध तापवत होतो. एक डोळा पातेल्यावर ठेवून मी लिहिलं, 'वा दादा! अवश्य जा. मागे वळून पाहू नका. आम्हीही मागोमाग येतोच आहोत!' त्यावर ग्रुपमधल्या दातांच्या डॉक्टरांनी अंगठा दाखवला. कपडे शिवणाऱ्या ताईंनी फुलं पाठवली. दूध उतू गेलं नाही, याचं मला जास्त समाधान वाटलं.

सकाळी ताईंचा फोन आला.

"दादांचा निरोप वाचलात का?"

"वाचला की. उत्तरसुद्धा दिलं."

"परत वाचा."

मी परत वाचला. मग माझं उत्तर वाचलं आणि खाली बसलो.

"वर म्हणजे... वर?" मी विचारलं.

"मी फुलं पाठवली हो," ताई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

बायकोने माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून पाहिलं. "मागोमाग येतोच आहोत?" ती म्हणाली. "निदान मला तरी विचारायचं."

मी दादांना फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला.

"दादा आहेत का?"

"नाहीत. ते गेले."

"कधी?"

"पहाटेच. एकदम गेले. डबासुद्धा राहिला."

"कसे गेले, वहिनी?"

"कसे म्हणजे? सायकलवरून. शाळेची नवी इमारत होतेय ना, तिकडे."

माझा जीव भांड्यात पडतोय तेवढ्यात वहिनी पुढे म्हणाल्या, "फोनही घरीच ठेवलाय. म्हणाले, आता याची फारशी गरज नाही. पण चेहरा कसा शांत होता. कितीतरी दिवसांनी."

"इमारत किती मजली आहे?" मी विचारलं.

"आज पाचव्यावर काम आहे म्हणे."

दहा मिनिटांत डॉक्टर गाडी घेऊन आले. त्यांचा डावा खांदा गेलेला, म्हणून ताई शेजारी बसून गिअर टाकत होत्या. "दुसरा," डॉक्टर म्हणत, आणि ताई शिलाई मशीनचा खटका ओढावा तशा गिअर ओढत. मध्येच तिसऱ्याऐवजी पहिला पडला आणि मागे बसलेला मी पुढे आलो. मी मनातल्या मनात वहिनींना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. 'आपल्या भावना पोचल्या' याच्या पुढे गाडी जाईना.

फाटकावरच्या राखणदाराने आम्हाला अडवलं. "टोपी घातल्याशिवाय आत सोडणार नाही."

"अहो, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच टोपी," तो म्हणाला.

एका हाताने टोपी डोक्यावर बसते, पण हनुवटीखालचा पट्टा लागत नाही. शेवटी माझा पट्टा ताईंनी धरला आणि डॉक्टरांनी अडकवला, डॉक्टरांचा मी आणि ताईंनी. राखणदार एवढा वेळ आमच्याकडे बघत राहिला, की आपण यांना आत सोडून चूक करतोय, असं त्याला वाटलं असावं.

दादा पाचव्या मजल्यावर परांचीच्या अगदी कडेला उभे होते. तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे.

"दादा, थांबा!" मी ओरडलो. "आम्ही आलोय!"

त्यांनी वळून खाली पाहिलं. पिवळ्या टोप्या घातलेली तीन माणसं कोपरापासून हात हलवत होती, कारण त्याच्या वर आमचे हात जात नव्हते.

"खाली या, दादा," ताईंनी हाक मारली. "जे काय असेल ते बोलू आपण."

दादा भराभर उतरून आले. चेहरा पांढराफटक पडलेला.

"काय झालं?" ते म्हणाले. "कोण गेलं?"

शेवटी डॉक्टरांनी आमचा झालेला समज सांगितला, दाताची वाईट बातमी द्यावी तशा हळुवार आवाजात. दादांना समजायला थोडा वेळ लागला.

"वर म्हणजे परांचीवर हो," ते म्हणाले. "मुकादमाने गिलाव्याचं काम दिलंय परत. काल डोळाच लागत नव्हता. हात आठवडाभर वर जातोय, 'तेवढाच' मी नुसतं सवयीने लिहायचो; पण मध्येच धरला तर? मग तुमचं उत्तर काढून परत वाचलं. मागे वळून पाहू नका म्हणालात. परांचीवर तेच खरं असतं. वळलं की गरगरतं." आणि त्यांनी थापी धरलेला उजवा हात डोक्याच्याही वर, पार सरळ नेऊन दाखवला.

ताईंनी डोळे पुसले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून चारी बाजूंनी पाहिला. मलाही भरून आलं. न वाचता लिहिलेल्या चार ओळींनी माणूस पाच मजले चढला होता. नीट वाचून लिहिलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मी जरा फुलूनही गेलो.

"तुम्ही एवढे धावत आलात," दादा म्हणाले. "आता एक काम होतं. सांगायला बरं वाटत नाही."

"निःसंकोच सांगा. ग्रुप कशासाठी आहे?"

"ग्रुपचंच होतं. खांदा बरा झाला ना आता. दिवसभर ते टुंग टुंग वाजतं, म्हणून फोन घरी ठेवावा लागतो. त्यातून बाहेर कसं पडायचं, ते बटण मला काही सापडेना."

वहिनींनी डब्याबरोबर फोनही कुणाच्या तरी हाती पाठवून दिला होता. मी तो हातात घेतला आणि एकेक पायरी समजावून सांगत दादांना ग्रुपमधून बाहेर काढलं. त्यांनी मनापासून आभार मानले.

"झालं का?" ताईंनी विचारलं, आणि आपला फोन माझ्यापुढे धरला. "एवढं माझ्यातही दाखवून ठेवा."