निळ्या रबराची टाकी

घर, बाळ आणि नोकरी मी एका हाताने सांभाळते! दुसऱ्या हातात बाळच असतं म्हणा. आत्ता पिल्लू मांडीवर पेंगतंय, तेवढ्यात सांगून घेते.

प्रयोगशाळेत मी मागूर माशांच्या पोटातले जंत शोधते. मातीच्या तळ्यातला मासा, ताडपत्रीच्या तळ्यातला, सिमेंटच्या टाकीतला. कुणाच्या आतड्यात किती पाहुणे उतरलेत, ते बघायचं. बाळंतपणाच्या रजेनंतरचं पहिलंच काम. साहेबांनी बजावलेलं, "बाई, हे नीट झालं तर नोकरी पक्की. नाहीतर घरी बाळ सांभाळा!"

नमुन्यांच्या तीन बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये होत्या. ओलाव्याने चिठ्ठ्या सुटतात, म्हणून आम्ही रंगीत रबरं लावतो. मातीला लाल, ताडपत्रीला हिरवं, सिमेंटला निळं. शेजारी अगदी तशीच, पण बिनरबराची चौथी. तिच्यात पिल्लूची शी! सारखं पोट दुखतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तपासायला मागवलेली.

"अगं, दुधाशेजारी जंत!" सासूबाई करवादल्या.

"आई, झाकणं घट्ट आहेत हो!"

सकाळी नुसती पळापळ. सासूबाई पिल्लूला आणि बिनरबराची बाटली घेऊन दवाखान्यात, मी तीन बाटल्या घेऊन कामावर. साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात न लावतात तोच डॉक्टरीणबाईंचा फोन. "आहात तशा या!"

मी चपला उलट्या घालून धावले.

"तोंडाला आकडे असलेले जंत आहेत!" डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडलेला. "बाळ चिखल खातं का हो?"

मी पिल्लूला छातीशी घट्ट धरलं आणि स्वतः भिंगातून पाहिलं. अरे! हे तर ओळखीचे चेहरे!

"आई, निळं रबर कुणी काढलं होतं?"

"मी. दुधाची पिशवी बांधायला. पण लावलं ना परत! दोन बाटल्या बोडक्या दिसल्या, हाताशी आली तिला लावलं."

मी पिल्लूचे पटापट मुके घेतले. जंत माशाचे होते, माझ्या सोन्याचे नव्हते! आणि मग डोक्यात वीज चमकली. म्हणजे साहेबांच्या भिंगाखाली...

पिल्लूला कडेवर घेऊन मी पुन्हा धावत सुटले. दारातच साहेब, हातात निळ्या रबराची बाटली, चेहरा लग्नघरासारखा उजळलेला.

"बाई, कमाल! सिमेंटच्या टाकीत एक जंत नाही! मासे खातात तरी काय?"

"कुस्करलेलं केळं, साहेब."

"केळं? मला ती टाकी आजच्या आज बघायचीय!"

"साहेब, ती... ही काय, कडेवर आहे."

साहेबांनी पिल्लूकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटांकडे. पिल्लू त्यांच्याकडे बघून खुदकन हसलं.

नोकरी पक्की झाली का, विचारताय? मीही विचारणार होते. पण साहेब हात धुवायला गेले, ते संध्याकाळपर्यंत धूतच होते.